मार्सेलिसला जेवावे कोठे?

‘भूमध्यसागरी भोजन मिळेल’ अशी पाटी आज जगातल्या पुष्कळ मोठ्या शहरांतून दृष्टीस पडते. पाटी वाचून मनुष्य आत शिरतो, खुर्चीवर बसतो, आणि त्याच्यापुढे जे पदार्थांचे पत्रक येते त्यात लेबाननकडचे हुमुस असते, व्हॅलेन्सियाचा पाएया असतो, ग्रीकांचा मुसाका असतो आणि मोरोक्कोचे ताजीनही असते. पाहुण्याला वाटते, केवढे हे वैभव! परंतु क्षणभर आपल्या घराकडे नजर टाकावी. परदेशातील एखाद्या शहरात कोणी ‘हिंदुस्थानी जेवण’ अशी पाटी लावली आणि एकाच पत्रकात मालवणी तिखले, कोल्हापुरी पांढरा रस्सा, बंगाली झोल आणि तामिळी सांबार अशी मांडणी केली, तर आपण काय म्हणू? या चारही पदार्थांत खरा हात बसलेला आचारी त्या एका मुदपाकखान्यात असेल, यावर आपला विश्वास बसणार नाही. तिरफळाचा अंदाज ज्याच्या बोटांत आहे, त्याच्या बोटांत पंचफोडणाचाही तितकाच असेल असे सहसा घडत नाही. जी शंका आपण आपल्या अन्नाविषयी घेऊ, ती दुसऱ्याच्या अन्नाविषयी का घेऊ नये?

भूमध्य समुद्राच्या काठी वीसएक देश वसले आहेत. ऑलिव्हचे तेल, गहू, द्राक्षे आणि लसूण एवढा दुवा त्यांच्यापैकी बहुतेकांत सामान्य आहे. परंतु त्यापलीकडे प्रत्येक किनाऱ्याची चूल निराळी. युनेस्को या संस्थेने २०१० साली ‘भूमध्यसागरी आहारा’स मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा त्यापुढे स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को या चार देशांची नावे होती. २०१३ साली सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल यांची भर पडली. यात मौज अशी, की पोर्तुगालचा किनारा अटलांटिक महासागरावर आहे, आणि भूमध्य समुद्रावर लांबलचक किनारा असलेल्या फ्रान्सचे नाव मात्र त्या नोंदीत नाही. विद्वानांच्या यादीतसुद्धा ‘भूमध्यसागरी’ हा शब्द असा सैल आहे. मग भोजनगृहाच्या पाटीवर तो किती सैल असेल! यास्तव माझे पहिले सांगणे हे, की भोजनगृह निवडण्यापूर्वी प्रांत निवडावा. प्रांत ठरला म्हणजे पेठ ठरते, आणि पेठ ठरली म्हणजे दार शोधणे फारसे अवघड राहत नाही.

हे सारे हवेत बोलण्यापेक्षा एक शहर घेऊन बोलू. मी मार्सेलिस घेतो. फ्रेंच लोक त्याला ‘मार्सेय’ म्हणतात. परंतु मराठी माणसाच्या कानांत ‘मार्सेलिस’ हाच उच्चार बसला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात विनायक दामोदर सावरकर यांनी ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली, आणि त्या प्रकरणाचा वाद पुढे १९११ साली हेग येथील लवादापर्यंत गेला. १९१४ च्या सप्टेंबरात महायुद्धावर निघालेल्या हिंदी पलटणी याच धक्क्यांवर उतरल्या. मुंबईहून टपालाच्या बोटीने विलायतेस जाणारे कित्येक प्रवासी एडन, सुवेझ आणि पोर्ट सैद मागे टाकून येथेच युरोपच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवीत आणि पुढची वाट आगगाडीने चालत. तेव्हा हे गाव आपल्याला अगदीच परके नाही. आजही युरोपची सहल करणारी आपली कुटुंबे येथे एखादा मुक्काम करतात, आणि मुक्काम म्हटला की रात्रीच्या जेवणाचा प्रश्न आलाच.

शहर फार जुने. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० या वर्षी आशिया मायनरमधील फोसिया गावच्या ग्रीक दर्यावर्दींनी ते वसविले. त्यानंतर जो जो समुद्रावरून आला तो तो आपले भांडे घेऊन आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इटलीतील गरीब मजूर आले. १९१५ च्या कत्तलीतून वाचलेले आर्मेनियन निर्वासित १९२० नंतरच्या वर्षांत येथे उतरले. अल्जीरिया १९६२ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तेथील युरोपीय वस्तीतले लोक बोटी भरभरून आले. उत्तर आफ्रिकेतील कामकरी माणसे त्यापूर्वी येत होती आणि त्यानंतरही येत राहिली. या सगळ्यांच्या चुली एका शहरात पेटल्या आहेत. म्हणून येथे ‘भूमध्यसागरी’ या मोघम शब्दाने काहीच निष्पन्न होत नाही. प्रोव्हांस प्रांताची चूल, नेपल्सहून आलेली चूल आणि माघ्रेबची, म्हणजे अल्जीरिया, ट्युनिसिया व मोरोक्कोची चूल, या तीन ठळक वाटा प्रवाशापुढे असतात. त्यांपैकी कोणती धरावी हे ठरवावयाचे, तर आपल्या पंगतीत कोण कोण आहे हे आधी पाहिले पाहिजे.

एक कुटुंब कल्पू या. नाशिकचे म्हणा. गृहस्थ आणि त्यांची पत्नी दोघेही मासे आवडीने खाणारी; बारा वर्षांचा मुलगा, ज्याला तिखट चालते परंतु काटे काढण्याचा कंटाळा आहे; आणि आजी, ज्यांनी साठीनंतर तुळशीची माळ घातली आहे. त्या मासे, मांस वा अंडे यांपैकी कशासही शिवत नाहीत. अशी कुटुंबे आपल्याकडे घरोघर आहेत. घरी त्यांचे व्यवस्थित चालते, कारण आजींचे पातेले निराळे असते आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. परदेशी भोजनगृहात मात्र हा प्रश्न एकदम उघडा पडतो. तिघे जेवतात आणि आजी पावाचा तुकडा मोडीत ‘माझे काही नाही रे, तुम्ही जेवा’ असे म्हणत बसतात. सहलीच्या साऱ्या खर्चात हे एक वाक्य मला सर्वांत महाग वाटते. तेव्हा निवड करावयाची ती अशी, की हे वाक्य आजींना उच्चारावे लागू नये.

प्रथम मार्सेलिसच्या सुप्रसिद्ध पदार्थाचा विचार करू. त्याचे नाव बुयाबेस. मूळचे हे कोळ्यांचे कालवण. जाळ्यात आलेले जे मासे काटेरी किंवा ओबडधोबड असल्यामुळे बाजारात विकले जात नसत, ते कोळी घरी कढईत टाकीत. आज त्याची प्रतिष्ठा इतकी वाढली आहे की त्याच्या नावाखाली काय वाटेल ते खपू लागले, आणि म्हणून १९८० साली तेथील काही भोजनगृहांच्या चालकांनी एकत्र येऊन एक सनद तयार केली. त्या सनदेत माशांची यादी आहे. काटेरी आणि कुरूप रास्कास, तांबडा ग्रोंदां, सें-प्येर, बोद्रवा, आणि आपल्या वामेसारखा लांबट कोंग्र ही त्यांतील मुख्य नावे. यादीपैकी निदान चार जातींचे मासे रश्शात असले पाहिजेत. रस्सा आणि मासे सहसा निरनिराळ्या भांड्यांतून आणावयाचे, आणि मासे पाहुण्यांच्या देखत कापून वाढावयाचे. केशर, बडीशेपेच्या झाडाचा गड्डा, लसूण, कांदा, टोमॅटो, बटाटा आणि ऑलिव्हचे तेल हा त्याचा मसाला. रश्शाबरोबर भाजलेल्या पावाचे तुकडे आणि ‘रूय’ नावाची लसूण, मिरची व केशर घालून घोटलेली तांबूस चटणी येते. पावावर लसूण घासावा, चटणी लावावी आणि तो तुकडा रश्शात सोडावा, असा तेथील परिपाठ आहे.

या पदार्थाची एक शास्त्रीय खुबी सांगण्यासारखी आहे. खडकांतल्या बारीक माशांचा रस्सा आधी उकळून व गाळून घेतात. पुढे तो तेलासह जोराच्या आचेवर खळखळ उकळवितात. त्या खळबळीत तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळतात, आणि माशांच्या हाडांतून सुटलेला चिकट अंश त्यांना पुन्हा वर येऊ देत नाही. त्यामुळे रस्सा दाट होतो, तेलाचा तवंग निराळा तरंगत नाही. घट्ट मांसाचे मासे आधी आणि मऊ मांसाचे शेवटी टाकावयाचे, नाहीतर सगळ्याचाच लगदा होतो. जिच्या हाताखाली सुरमई आणि बोंबील दोन्ही गेले आहेत, अशा कोणत्याही कोकणी गृहिणीला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता व्यवहाराची बाजू. सनद पाळणाऱ्या ठिकाणी एका माणसाच्या बुयाबेसला साठ युरोंहून अधिकच पडतात. पुष्कळ ठिकाणी ते निदान दोन माणसांसाठी मागवावे लागते, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. शिवाय हे सारे हवेवर अवलंबून. त्या भागात ‘मिस्त्राल’ नावाचा उत्तरेकडचा सोसाट्याचा वारा सुटतो. तो सुटला म्हणजे लहान नावा समुद्रात जात नाहीत, आणि जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी जी मोजकी मासळीची टेबले लागतात ती ओस पडतात. म्हणून चतुर प्रवाशाने सकाळी धक्क्यावर एक फेरी मारावी. तेथे टेबलांवर काय आहे हे पाहिले, की संध्याकाळच्या पत्रकावर किती विश्वास ठेवावयाचा ते कळते. धक्क्यावर मासळी नसताना दारोदार ‘ताजे बुयाबेस, वीस युरो’ असे फलक झळकत असतील, तर वीस युरोंत चार जातींचे ताजे मासे कोणालाच परवडणार नाहीत, एवढा हिशेब आपल्याला करता आला पाहिजे.

परंतु आपल्या कुटुंबाला हा पदार्थ उपयोगाचा नाही. पत्रकाचा सारा जोर माशांवर असलेल्या त्या ठिकाणी आजींना खाण्यासारखे फार थोडे मिळणार, आणि मुलगा काट्यांशी झगडत बसणार. गृहस्थांना हौस असेल तर त्यांनी पत्नीसह एखाद्या दुपारी जावे. चौघांच्या रात्रीच्या पंगतीसाठी ही वाट सोडावी.

दुसरी वाट नेपल्सची. इटालियन मजुरांनी पिझ्झा मार्सेलिसला आणला, आणि तो आता तेथला गावरान पदार्थ झाला आहे. लाकडाच्या भट्टीत भाजलेला, पातळ, आणि पुष्कळदा अर्ध्या भागावर चीज व अर्ध्यावर खारवलेले आंशोव्ही मासे असा ‘अर्धा-अर्धा’ पिझ्झा तेथे मागितला जातो. मुलगा खूष होईल यात शंका नाही. आजींसाठी नुसत्या टोमॅटोचा आणि चीजचा मागविता येतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पिझ्झा अर्धा-अर्धा मागवून आजींना चीजचा अर्धा द्यावा, ही काटकसर करू नये. माशाचे तेल भट्टीत मधली रेघ पाळीत नाही. आणि युरोपातील कित्येक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने लावलेली असतात; ज्यांना त्याचे पथ्य आहे त्यांनी नुसत्या टोमॅटोचा, लसणीचा आणि ऑलिव्हचा पिझ्झा घ्यावा. ही वाट सोयीची आहे, स्वस्तही आहे. तथापि पिझ्झा आता नाशिकलाही मिळतो, एवढेच तिच्याविरुद्ध बोलता येईल.

तिसरी वाट माघ्रेबची. जुन्या बंदरापासून थोडे वर चढून गेले की नोआय नावाची पेठ लागते. तेथे जिऱ्याचा, पुदिन्याचा आणि ताज्या पावाचा वास येतो, आणि आपल्या माणसाला एकदम घरच्या बाजारात आल्यासारखे वाटते. येथला राजा पदार्थ म्हणजे कुसकुस. कठीण जातीच्या गव्हाचा रवा पाण्याचा हबका देत हाताने वळून त्याचे बारीक दाणे करतात, आणि ते दाणे चाळणीच्या भांड्यात घालून खाली उकळत असलेल्या रश्शाच्या वाफेवर दोन-तीन वेळा शिजवितात. मध्ये मध्ये बाहेर काढून हाताने मोकळे करतात. सांजा ढवळून शिजतो, कुसकुस वाफेवर फुलते. दोहोंतला मुख्य भेद हाच. २०२० साली अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिसिया या चार देशांनी मिळून कुसकुसची नोंद युनेस्कोच्या यादीत करविली. एरवी ज्यांचे आपसांत पटत नाही ते शेजारी एका पदार्थासाठी एकत्र आले, ही गोष्ट अन्नाच्या सामर्थ्याविषयी बरेच सांगून जाते.

या पेठेविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी येथल्या ओबाञ रस्त्यावरील जीर्ण इमारती कोसळून आठ माणसे मृत्युमुखी पडली. बंदरालगतच्या रोषणाईपासून काही मिनिटांच्या अंतरावर माणसे कशा घरांतून राहतात, ते त्या दिवशी साऱ्या फ्रान्सला कळले. प्रवाशाने या पेठेत जेवून तेथील लोकांवर उपकार करावयाचे आहेत असा याचा अर्थ नव्हे. परंतु जेवणासाठी आपण जे पैसे खर्च करणार, ते धक्क्यावरच्या झगमगाटाला द्यावयाचे की रस्त्याच्या तोंडाशी स्वतः चूल पेटवून बसलेल्या कुटुंबाला द्यावयाचे, ही निवड आपल्या हाती असते आणि तिला काही अर्थ असतो, एवढे खरे.

आता आजींच्या दृष्टीने पाहू. पत्रकात ‘भाज्यांची कुसकुस’ असे लिहिलेले आढळेल. गाजर, सलगम, दुधी आणि हरभरे घातलेली ती थाळी दिसावयास अगदी सात्त्विक. परंतु त्या भाज्या ज्या रश्शात शिजल्या तो पुष्कळदा मेंढीच्या किंवा कोंबडीच्या मांसाचा असतो, आणि त्याच रश्शाच्या वाफेवर दाणेही फुललेले असतात. म्हणजे वरचे मांसाचे तुकडे काढून ठेवले म्हणून थाळी शाकाहारी होत नाही. येथे विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

कसे विचारावे? ‘आम्ही शाकाहारी आहो’ एवढ्याने भागत नाही, कारण मासे खाणारा मनुष्यही तिकडे कित्येकांच्या लेखी शाकाहारीच असतो. त्यापेक्षा तीन शब्द पाठ करावे: ‘सां व्यांद, सां प्वासों, सां बुयों द व्यांद’, म्हणजे मांसावाचून, माशावाचून आणि मांसाच्या रश्शावाचून. तिसरा शब्द उच्चारला की वाढणारा मनुष्य थांबतो, विचार करतो, आणि आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. तो आत गेला की समजावे, प्रश्न पोचला. जो जागचा न हलता ‘हो हो’ म्हणतो, त्याचे ‘हो’ धरू नये.

याच संदर्भात कायद्याचे एक साहाय्य आहे, त्याचा उपयोग आपली माणसे फारसा करीत नाहीत. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे डिसेंबर २०१४ पासून भोजनगृहांना आपल्या पदार्थांत चौदा ठराविक घटक आहेत की नाहीत हे सांगावे लागते. काही माणसांना ज्यांच्यापासून शारीरिक अपाय होतो असे हे घटक. त्यांत मासे, कवचधारी जलचर, अंडी आणि दूध यांचा समावेश आहे. तो तक्ता मागावा. ‘तापनाद’ ही ऑलिव्हची काळी चटणी पाहून कोणीही तिला शाकाहारी समजेल. परंतु तीत केपरच्या कळ्यांबरोबर आंशोव्ही मासे वाटलेले असतात, आणि तक्त्यात ‘मासे’ या रकान्यात त्याची खूण सापडते. लसणीची ‘आयोली’ चटणी फिकट दिसते. पुष्कळदा तीत अंड्याचा बलक असतो, तोही तेथे कळतो. परंतु मांस हा त्या चौदांपैकी घटक नाही. म्हणून मांसाच्या रश्शाचा पत्ता तक्ता देणार नाही. त्यासाठी तोंडानेच विचारावे लागते.

तर मग आपल्या कुटुंबाने जावे कोठे? माझ्या मते प्रोव्हांस प्रांताचेच घरगुती जेवण देणाऱ्या एखाद्या लहान भोजनगृहात. बुयाबेसच्या कीर्तीमुळे पुष्कळांचा असा समज होतो की त्या प्रांताचे सारे जेवण माशांचेच. वस्तुतः तेथल्या शेतकऱ्याला मासे आणि मांस रोज कोठून मिळणार? त्याचे रोजचे अन्न कडधान्य आणि भाज्यांचेच असे, आणि ते पदार्थ अद्याप टिकून आहेत. ‘पानिस’ घ्या. हरभऱ्याचे पीठ पाण्यात मीठ घालून शिजवावयाचे, थापून थंड करावयाचे, वड्या पाडावयाच्या आणि तेलात तळावयाच्या. मार्सेलिसच्या वायव्येस लेस्ताक म्हणून समुद्रकाठची वस्ती आहे, तेथले पानिस प्रसिद्ध आहे. आजींनी पहिला घास घेतला की त्या म्हणतील, ‘अरे, ही तर आपली पाटवडी, फोडणी तेवढी विसरले!’ उन्हाळ्यात ‘पिस्तूचे सार’ मिळते. ताज्या घेवड्याचे दाणे, शेंगा, दुधीच्या जातीच्या कोवळ्या भाज्या आणि शेवयांचे तुकडे यांचे दाट सार करून त्यात तुळशीच्याच कुळातील पाने, लसूण आणि ऑलिव्हचे तेल खलात घोटून घालतात. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची यांची मंद आचेवर शिजविलेली ‘रातातुय’ आहे. याच पत्रकात भाजलेला ताजा मासा गृहस्थांसाठी असतो, आणि मुलासाठी काटे काढलेला तुकडाही मागता येतो. येथेही दोन प्रश्न सोडू नयेत: पिस्तूच्या सारात डुकराच्या मांसाचा तुकडा घातलेला नाही ना, आणि पानिस ज्या तेलात तळले त्यातच मासे तळलेले नाहीत ना?

या निवडीमागचे तत्त्व मला महत्त्वाचे वाटते. पंगतीत कोणाला पथ्य असेल, तर एखाद्या पदार्थातून काहीतरी वगळून त्याची सोय लावणारे ठिकाण घेऊ नये. ज्या प्रांताच्या स्वतःच्या परंपरेत त्या माणसाचा पदार्थ पूर्ण आणि मानाचा आहे, ते ठिकाण घ्यावे. मासे काढलेला रस्सा हा उरलेला रस्सा होय. पानिस हे मात्र मूळचेच पानिस आहे. पहिल्या ठिकाणी आजी अडचण ठरतात, दुसऱ्या ठिकाणी त्या पाहुण्या असतात. ‘भूमध्यसागरी’ अशा मोघम पाटीखाली ही परीक्षा करता येत नाही, कारण तेथे कोणताच पदार्थ कोणत्या घरचा हे माहीत नसते. प्रांताचे नाव घेऊन उभ्या असलेल्या चुलीपाशीच ती करता येते.

दाराशी उभे राहून काय पाहावे, तेही थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये पदार्थांचे पत्रक किमतींसह बाहेर लावावेच लागते. न लावणाऱ्याच्या दाराशी थांबू नये. पत्रक जितके आखूड तितके बरे. दहा पदार्थ करणाऱ्याचा माल रोजच्या रोज संपतो. साठ पदार्थ करणाऱ्याला तो शीतपेटीत साठवावाच लागतो. सहा भाषांत छापलेले रंगीत छायाचित्रांचे पत्रक, आणि रस्त्यावर उभा राहून आर्जवे करणारा मनुष्य, ही दोन्ही चिन्हे चांगली नव्हेत. पत्रकावर पातेल्यावर घराचे छप्पर काढलेले एक चित्र कोठे कोठे दिसते. २०१४ सालच्या कायद्याने सुरू झालेली ती ‘घरी केलेले’ याची खूण आहे. पदार्थ कच्च्या मालापासून तेथेच शिजविला, असा तिचा अर्थ. कच्चा माल गोठविलेला असला तरी ती खूण लावता येते, हेही लक्षात असू द्यावे.

आणखी एक. तिकडे ‘मेन्यू’ म्हणजे ठराविक किमतीचे दोन-तीन वाढपांचे जेवण, आणि सुट्या पदार्थांच्या यादीला म्हणतात ‘कार्त’. नळाच्या पाण्याची सुरई आणि पाव यांचे निराळे पैसे पडत नाहीत; सुरई मागितली नाही तर बाटली येते आणि तिचे पैसे पडतात. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो. खूष होऊन दोन नाणी ठेवावी, न ठेवली तरी कोणी वाईट मानीत नाही. दुपारचे जेवण संपल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत बहुतेक चुली बंद असतात, आणि रविवारी रात्री व सोमवारी पुष्कळ दारे लागलेली असतात. आपल्या मुलांना सहालाच भूक लागते, त्यांच्यासाठी पिशवीत काही ठेवावे. आणि आजींचे सांगणे आधीच करावयाचे असल्यामुळे, दुपारी जाऊन जागा राखून यावे. त्या वेळी आचारी निवांत असतो आणि तीन शब्दांचा तो प्रश्न नीट ऐकून घेतो.

शुक्रवारचा मुक्काम असेल तर एक निराळे दृश्य पाहावयास मिळते. ख्रिस्ती रूढीप्रमाणे शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून प्रोव्हांसच्या जुन्या घरांत त्या दिवशी उकडलेल्या भाज्या आणि खारवलेला कॉड मासा यांच्याबरोबर आयोली वाढण्याची चाल आहे. मुसलमानांचा शुक्रवार हा जुम्याच्या नमाजाचा दिवस, आणि माघ्रेबच्या घरांत कुसकुस करावयाचाही तोच दिवस. एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन धर्मांच्या घरांत आपापले खास पातेले चढते. आपल्याकडे आषाढी एकादशीला घरोघर वरी शिजते, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

परदेशी पाहुणा आपल्याकडे आला आणि त्याने ‘हिंदी करी’ या दोन शब्दांत आपल्या साऱ्या स्वयंपाकाची बोळवण केली, तर आपल्याला राग येतो. वऱ्हाडचे वडाभात, खानदेशचे भरीत आणि कोकणची सोलकढी यांत त्याने भेद करावा अशी आपली अपेक्षा असते. ती अपेक्षा रास्त आहे. तशीच अपेक्षा मार्सेलिसच्या आचाऱ्याचीही आपल्याकडून असते. त्याच्या प्रांताचे नाव उच्चारून त्याच्या दारात गेलेल्या पाहुण्याकडे तो निराळ्या नजरेने पाहतो, आणि पुष्कळदा त्या नजरेचा परिणाम ताटातही उतरतो. तेव्हा श्रोतेहो, परक्या शहरात संध्याकाळी भूक लागली म्हणजे ‘येथे चांगले जेवण कोठे मिळते?’ असे विचारू नका. ‘येथल्या लोकांच्या घरी आज काय शिजले आहे, आणि त्यातले आमच्या आजींना काय चालेल?’ असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर जो सांगेल, त्याच्याच दारात जा.